जुन्या लॅपटॉपला कॉकपिटमध्ये जागा

१. प्रश्न साधा आहे

"घरात जुना लॅपटॉप पडून आहे. तो सिम्युलेटरच्या कॉम्प्युटरला जोडला तर सिम्युलेटर दुप्पट वेगाने चालेल का?" फ्लाइट सिम्युलेटरचा नाद लागलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. शिरूर-दौंड भागातल्या मुलामुलींना तर हा नाद लागायला निमित्तही जवळच आहे. दौंडपासून सरळ रेषेत मोजलं तर पंचवीसेक किलोमीटरवर बारामतीचा विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. खऱ्या प्रशिक्षणाचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन किंवा फुकट मिळणारा फ्लाइटगिअर मात्र घरच्या टेबलावर चालतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दुप्पट वेग मिळणार नाही. एका कॉम्प्युटरचं बळ केबलमधून दुसऱ्यात ओतता येत नाही. विमानाच्या उड्डाणाचं गणित आणि समोरच्या काचेतून दिसणारं दृश्य, ही दोन जड कामं मुख्य कॉम्प्युटरनेच करायची असतात. जुन्या लॅपटॉपकडे द्यायची ती या दोन कामांच्या आजूबाजूची कामं: नकाशा, विमानतळांचे तक्ते, काट्यांची घड्याळं, हवामानाचा फलक. या वाटणीचा फायदा होतो, आणि कधी कधी बराच होतो. तो कुठून येतो हे समजलं, तर कोणतं काम हलवायचं आणि कोणतं हलवायचं नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

२. सेकंदाचा तिसावा हिस्सा

पडद्यावरचं विमान सलग उडताना दिसतं, पण प्रत्यक्षात ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रं असतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी १००० भागिले ३०, म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पंखांवरच्या हवेचा जोर, इंजिनाची ओढ, वारा, विमानाची नवी जागा हे सगळं मोजून जमीन, ढग आणि धावपट्टी नव्याने काढायची असते. एक फ्रेम झाली की लगेच पुढची.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईचं काम असंच असतं. तव्यावरची भाकरी ठरलेल्या क्षणी उलटावीच लागते. तिलाच मधे उठून पंगतीत वाढायला लावलं, तर ती कितीही चपळ असली तरी एखादी भाकरी करपणारच. वाढायला घरातलं दुसरं कुणीही चालतं, अगदी दहा वर्षांचं पोरगंही. जुन्या लॅपटॉपकडून आपल्याला एवढीच वाढप हवी आहे.

आता आकडे घालून पाहू. समजा, उड्डाण आणि दृश्य यांना मिळून एका फ्रेममागे २९ मिलिसेकंद लागतात. त्याच कॉम्प्युटरवर नकाशा आणि तक्ते उघडले की ९ मिलिसेकंदांची भर पडते. एकूण झाले ३८, म्हणजे सेकंदाला २६ फ्रेम. नकाशा दुसरीकडे हलवला की पुन्हा २९, म्हणजे सेकंदाला ३४ फ्रेम. हे ढोबळ उदाहरण झालं. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गाभे (कोर) असतात, त्यामुळे अशी सरळ बेरीज दर वेळी होत नाही. तुमचं ग्राफिक्स कार्डच कमी पडत असेल, तर नकाशा हलवून फ्रेम फारशा वाढणार नाहीत. म्हणून काही विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. नकाशा, ब्राउझर, तक्ते, सगळं बंद करून उडावं आणि फ्रेमचा आकडा टिपून ठेवावा. मग सगळं उघडून त्याच जागी, त्याच हवामानात पुन्हा उडावं. दोन आकड्यांत जो फरक दिसेल, तीच तुमच्या घरची कमाल कमाई.

सरासरीपेक्षा धक्क्यांकडे जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. बाकी सगळ्या फ्रेम ३० मिलिसेकंदांत झाल्या आणि एकीलाच १२० लागले, तर सरासरीत ते कळतही नाही. पण चाकं धावपट्टीला टेकायच्या क्षणी तो झटका आला तर उतरणं बिघडतं. नकाशा नवा तुकडा वाचायला घेतो, ब्राउझर पान ताजं करतो, तेव्हा असे झटके हमखास येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरचा खरा उपकार इथे दिसतो.

३. केबलमधून काय जातं?

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की पहिला कॉम्प्युटर आपलं चित्र दुसऱ्याला पाठवतो. तसं करायचं ठरवलं तर काय होईल ते मोजू. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट. एक चित्र झालं ६२ लाख बाइटचं. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे सुमारे १८ कोटी ७० लाख बाइट. बिटमध्ये मोजलं तर दीड अब्ज. घरातली चांगली गिगाबिट केबलही सेकंदाला एक अब्ज बिटच नेते. चित्र दाबून लहान करता येतं, पण ते दाबण्याचं काम पुन्हा पहिल्याच कॉम्प्युटरच्या गळ्यात पडतं.

म्हणून चित्र पाठवतच नाहीत. फक्त आकडे पाठवतात: अक्षांश, रेखांश, उंची, वेग, नाकाची दिशा, पंखांचा कल, इंजिनाचे फेरे. एक्स-प्लेनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. त्याच्या सेटिंगमध्ये पाठवायच्या माहितीच्या ओळी निवडता येतात. तिसरी ओळ वेगांची, सतरावी कल आणि दिशेची, विसावी अक्षांश-रेखांश आणि उंचीची. प्रत्येक ओळ ३६ बाइटची असते: ४ बाइट ओळीचा क्रमांक, आणि पुढे प्रत्येकी ४ बाइटचे आठ आकडे. सुरुवातीला ५ बाइटची ओळखपट्टी. दहा ओळी निवडल्या तर एक पुडकं ३६५ बाइटचं. सेकंदाला २० पुडकी पाठवली तर ७,३०० बाइट. कच्च्या चित्राच्या तुलनेत हे ओझं सुमारे पंचवीस हजार पटींनी हलकं आहे. सेकंदाला १०० मेगाबिट नेणाऱ्या जुन्या केबललाही ते जाणवणार नाही.

आकडे मिळाले की दुसरा कॉम्प्युटर स्वतःच्या डिस्कवरचा नकाशा उघडतो आणि त्यावर विमानाचा ठिपका ठेवतो. चित्र तिथेच तयार होतं. ही एक गोष्ट मनात ठसली की दोन कॉम्प्युटरांची बाकीची सगळी व्यवस्था सोपी वाटू लागते.

पुडकी पाठवायच्या दोन रीती आहेत. टीसीपी या रीतीत प्रत्येक पुडकं पोचल्याची पावती घेतली जाते आणि हरवलेलं पुन्हा पाठवलं जातं. यूडीपी या रीतीत पावती नाही. पाठवलं की विसरायचं. बँकेच्या व्यवहाराला पावती हवीच. पण विमान अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होतं, ते पुन्हा मागवून काय करणार? तोवर दहा नवी पुडकी येऊन गेलेली असतात. त्यामुळे विमानाच्या जागेसारख्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या माहितीला यूडीपीच बरी. एक्स-प्लेन हीच रीत वापरतो आणि ४९००० क्रमांकाच्या पोर्टवर इतरांचं ऐकतो. पोर्ट म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरचा खोली क्रमांक. कोणती पुडकी कोणत्या प्रोग्रॅमची, हे त्यावरून कळतं.

४. एडविन लिंक यांचा खेकडा

ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधले हवेचे भाते वापरून एडविन यांनी १९२९ साली जमिनीवरच डोलणारं, वळणारं छोटं विमान तयार केलं. त्याचं नाव लिंक ट्रेनर. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

शिकणारा त्या बंद डब्यात बसून फक्त काटे पाहत उडायचा. शेजारी शिक्षकाचं वेगळं टेबल असायचं आणि त्यावर नकाशा पसरलेला. त्या नकाशावरून छोटी चाकं असलेलं एक यंत्र आपोआप सरकायचं आणि शिकणाऱ्याने कुठून कुठे उड्डाण केलं त्याची शाईची रेघ काढायचं. त्याला 'क्रॅब', म्हणजे खेकडा म्हणत. डब्याकडून टेबलाकडे विजेच्या तारांमधून जायचं ते फक्त वेग आणि दिशेचं मोजमाप. रेघ टेबलावर उमटायची. आपला जुना लॅपटॉप आज त्या टेबलाच्या जागी बसतो.

विमान कंपन्यांचे आजचे मोठे सिम्युलेटरही असेच विभागलेले असतात. उड्डाणाचं गणित करणारा कॉम्प्युटर वेगळा, दृश्य रंगवणारे वेगळे, शिक्षकाचं टेबल वेगळं.

५. लोहगाव, शिरूर, दौंड, बारामती

नकाशा दुसऱ्या पडद्यावर असण्याचा उपयोग कळायला एक उड्डाण करून पाहू. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. खऱ्या आयुष्यात तिथून लहान विमान घेऊन मनाला येईल तसं निघता येत नाही. सिम्युलेटरमध्ये येतं. सेसना १७२ घ्या आणि वेग १०० नॉट ठेवा, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर.

पहिला टप्पा लोहगाव ते शिरूर, सरळ रेषेत सुमारे ५६ किलोमीटर, अठरा मिनिटांचा. दिशा ईशान्येकडे थोडी पूर्वेला झुकलेली, साधारण ६० अंश. खाली नगर रस्ता सोबतीला आहे: वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमापाशी भीमेचा पूल, मग शिक्रापूर, रांजणगावची एमआयडीसी आणि शेवटी घोड नदीच्या काठी शिरूर. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा.

दुसऱ्या टप्प्याचं अंतर आपणच काढू. शिरूरचा अक्षांश १८.८३, दौंडचा १८.४६. फरक ०.३७ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे ४१ किलोमीटर. रेखांश ७४.३८ आणि ७४.५८. फरक ०.२० अंश. आपल्या भागात एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटरचा, म्हणून पूर्वेकडे २१ किलोमीटर. शाळेतलं पायथागोरसचं सूत्र लावा. ४१ चा वर्ग १,६८१, २१ चा ४४१, बेरीज २,१२२, वर्गमूळ ४६. म्हणजे ४६ किलोमीटर, पंधरा मिनिटं, दिशा सुमारे १५३ अंश. नकाशाचा प्रोग्रॅम आतल्या आत जवळपास हेच करत असतो, फक्त पृथ्वीचा गोलाकार धरून.

या टप्प्यात वाट चुकणं सोपं आहे. शिरूरला रेल्वे नाही आणि मधली उसाची शेतं वरून सारखीच दिसतात. भीमा दिसली की सावध व्हायचं. ईशान्येकडून येणारा मनमाडचा लोहमार्ग नदी ओलांडून दौंड जंक्शनमध्ये शिरतो. पुण्याचा, सोलापूरचा आणि बारामतीचा मार्गही तिथेच मिळतो. चार दिशांचे रूळ एकत्र येताना दिसले की खाली दौंड आहे याबद्दल शंका उरत नाही. तिथून बारामतीच्या फाट्याने दक्षिणेकडे आठेक मिनिटं उडायचं.

शेजारच्या लॅपटॉपवर या वेळी लिटल नॅव्हमॅप हा फुकट प्रोग्रॅम उघडलेला असावा. त्याचा जोडीदार लिटल नॅव्हकनेक्ट मुख्य कॉम्प्युटरवर बसतो आणि आकडे पुरवतो. माझा आग्रह असा की पंधरा मिनिटांच्या टप्प्यात लॅपटॉपकडे दोन-तीनदाच पाहावं. आधी खिडकीतून नदी आणि रूळ ओळखावेत, मग नकाशाशी ताडून पाहावं. एकाच पडद्यावर नकाशा खिडकीला झाकून बसतो आणि डोळे त्यालाच चिकटतात. वेगळ्या पडद्यावर गेला की मान वळवावी लागते, आणि मान वळवायची सवयच वैमानिकाला लागते.

आकडे किती वेळा पाठवावेत? १०० नॉटने विमान सेकंदाला ५१ मीटर जातं. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असेल, तर ५१ मीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर. नकाशाला सेकंदातून एकदा माहिती पुरे. काट्यांच्या घड्याळांना सेकंदाला पंधरा-वीस वेळा हवी, नाहीतर काटा उड्या मारतो. प्रत्येक कामाची गरज वेगळी. सगळ्यालाच कमाल आकडा देऊन ठेवण्यात शहाणपण नाही.

६. जोडणी

शक्यतो वायफायवर जाऊ नये. वायफायने काम चालतं, पण शेजाऱ्याचा राउटर, भिंत, मोबाइल यांमुळे पुडकी मधेच अडकतात आणि मग एकदम येतात. लॅन केबल दोनशे-तीनशे रुपयांची असते. दोन्ही कॉम्प्युटर राउटरच्या मागच्या लॅन पोर्टांना जोडा. राउटर नसेल तर दोघांमध्ये सरळ एक केबल टाकली तरी चालतं.

नंतर पत्ते. नेटवर्कमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी अ‍ॅड्रेस असतो. मुख्य कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० आणि लॅपटॉपला १९२.१६८.१.२० असे पक्के पत्ते द्या. राउटरवर सोडलं तर तो एखाद्या दिवशी पत्ता बदलतो आणि काल चालणारी जोडणी आज मुकी होते. मग लॅपटॉपवरून मुख्य कॉम्प्युटरला 'पिंग' करून पाहा. केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं.

पिंगला उत्तर आलं पण नकाशावर विमान नाही, तर बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल आडवा आलेला असतो. घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' ठरवा आणि त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. फायरवॉल कायमचा बंद करून टाकू नका. त्याच कॉम्प्युटरवरून घरातली बँकेची कामंही होत असतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या भागाला सिमकनेक्ट म्हणतात. त्याच्या छोट्या फाइलमध्ये हाच पत्ता आणि पोर्ट लिहायचा असतो. पीट डाउसन यांच्या वाइडएफएस या जोडणीवर सिम्युलेटर उडवणाऱ्यांची एक पिढी वाढली.

या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. बाहेरून येणारी इंटरनेटची केबल तुटली किंवा मोबाइलचा डेटा संपला, तरी घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत राहतात. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर जमिनीची छायाचित्रं मात्र इंटरनेटवरून आणतो, त्यामुळे हॉटस्पॉटवर उडणाऱ्यांचा डेटा तिकडे संपतो.

७. बाजूची खिडकी

हे सगळं जमलं की डावीकडे एक पडदा लावून बाजूची खिडकी करावी असं वाटू लागतं. इथे जुन्या लॅपटॉपची मर्यादा येते. त्याला सिम्युलेटरची स्वतःची प्रत चालवून तिथलं दृश्य स्वतः काढावं लागतं, आणि तेही मुख्य पडद्याच्या वेगाने. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर दोन्हींत याची सोय आहे. फ्लाइटगिअरच्या दुसऱ्या प्रतीत उड्डाणाचं गणित बंद ठेवून फक्त आलेल्या आकड्यांवर दृश्य काढता येतं.

पण उशीर माफ होत नाही. विमान सेकंदाला १५ अंश कलत असेल आणि बाजूचा पडदा सेकंदाचा दहावा भाग मागे असेल, तर दोन्ही पडद्यांवरच्या क्षितिजांत दीड अंशाचा फरक पडतो. साठ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याच्या टोकाला तो दीड सेंटिमीटरहून जास्त दिसतो. काहींना त्याने मळमळतं. म्हणून या कामाला चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला दुसरा कॉम्प्युटर असेल तरच हात घालावा. नसेल तर नकाशावर समाधान मानण्यात काहीच कमीपणा नाही.

८. वीज गेली तर

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि नकाशावरचं विमान जागच्या जागी थिजतं. त्यामुळे यूपीएसवर मुख्य कॉम्प्युटरसोबत राउटरही घ्या. तो दहा-पंधरा वॉटच खातो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर तेवढा पुरत नाही.

९. मागे बसलेला शिक्षक

दुसऱ्या कॉम्प्युटरचा सर्वांत मोलाचा उपयोग मला शिक्षकाच्या टेबलासारखा वाटतो. एक्स-प्लेनमध्ये दुसऱ्या मशीनवर शिक्षकाचा फलक उघडता येतो. तिथे बसलेली थोरली बहीण वारा वाढवू शकते, ढग खाली आणू शकते, दौंडच्या पुढे गेल्यावर न सांगता इंजिन बंद पाडू शकते. पुढचं अर्धं मिनिट उडवणाऱ्याचं. वेग कितीवर आणायचा, नांगरलेलं रान निवडायचं की उभा ऊस, वारा कुठून आहे, हे त्याने ठरवायचं. तिने काही बोलायचं नाही, फक्त टिपून ठेवायचं.

घरच्या सिम्युलेटरवरचे तास डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, परवान्यासाठी धरत नाही. व्यावसायिक परवान्याला लागणारे २०० तास खऱ्या विमानातले आणि मान्यताप्राप्त साधनांवरचेच असतात. पण नकाशा वाचणं, अंतर आणि वेळ यांचा हिशेब ठेवणं, गडबडीत क्रम न चुकवणं याची तयारी घरी होते, आणि मागे कुणी पाहणारं असेल तर ती पक्की होते.

उतरल्यावर लगेच उठू नका. लॅपटॉपवर उड्डाणाची रेघ आणि उंचीचा आलेख नोंदलेला असतो. दोघांनी मिळून तो उघडा. उतरतानाचा उतार तीन अंशांचा धरला, तर एका सागरी मैलामागे सुमारे ३१८ फूट उंची कमी व्हायला हवी. बारामतीची धावपट्टी तीन सागरी मैलांवर असताना विमान तिच्यापेक्षा साधारण ९५० फूट उंच असलं पाहिजे, दोनवर ६३५, एकवर ३१८. आलेखातले आकडे यांच्याशेजारी लिहा. पहिल्या काही उड्डाणांत तीन मैलांवर १,४०० फूट आणि एका मैलावर एकदम २०० असे आकडे दिसणं स्वाभाविक आहे. पुढच्या खेपेला दौंड सोडतानाच उंची कधी कमी करायला घ्यायची ते ठरवून निघा, आणि बहिणीला वारा थोडा वाढवायला सांगा.